डोणगाव ते देवगिरी : सहलीची वाट

डोणगाव परिसरातील शाळांना मुक्कामाशिवाय गाठता येईल असे डोंगराळ ऐतिहासिक नगर म्हणजे देवगिरी, अर्थात दौलताबाद. मेहकर, सुलतानपूर, दुसरबीड, सिंदखेडराजा, जालना आणि छत्रपती संभाजीनगर असा तिथला रस्ता. दिवाळीच्या सुट्ट्या संपून थंडी पडली की शाळांमध्ये सहलीची तयारी सुरू होते. पालकांची संमतिपत्रे, शिक्षण विभागाची परवानगी, एसटीचे आरक्षण आणि निम्म्या भाड्याच्या सवलतीचा अर्ज ही कामे वेळेत उरकावी लागतात. मुलींसोबत शिक्षिका असणे आवश्यकच.

पहाटे निघालेल्या गाडीचा पहिला थांबा सिंदखेडराजा असावा. पुष्कळ सहली हे गाव खिडकीतूनच पाहून पुढे जातात आणि देवगिरीचा अर्धा इतिहास मागे टाकतात. जिजाऊंचा जन्म १५९८ मध्ये इथल्या राजवाड्यात झाला. त्यांचे वडील लखुजी जाधवराव २५ जुलै १६२९ रोजी निजामशाही दरबारात, दौलताबादेच्या किल्ल्यातच, मुलगे आणि नातवासह मारले गेले. त्यांची भव्य समाधी सिंदखेडराजात आहे. सकाळी ती समाधी पाहिलेला विद्यार्थी दुपारी दौलताबादेच्या दरवाजातून आत शिरतो, तेव्हा तो किल्ला त्याच्याच जिल्ह्यातल्या एका घराण्याच्या दुःखाचे ठिकाण झालेला असतो. जाधवराव स्वतःला देवगिरीच्या यादवांचे वंशज मानत, हेही शिक्षकांनी इथेच सांगावे.

यादव राजा पाचवा भिल्लम याने ११८७ च्या सुमारास देवगिरीला राजधानी वसवली. मधली शंकूसारखी टेकडी सुमारे २०० मीटर उंच आहे; पण देवगिरी म्हणजे केवळ ती टेकडी नव्हे. अंबरकोट, महाकोट, काळाकोट आणि टेकडीवरचा बालेकिल्ला असे एकात एक संरक्षण असलेले ते संपूर्ण शहर होते. सामान्य वस्ती अंबरकोटाच्या आत होती. आज त्या भागात शेते आणि घरे दिसतात, तरी तटाच्या रेषेचा डोळ्यांनी मागोवा घेत गेले की शहराचा विस्तार कळतो.

लोणारचे विवर ज्या काळ्या बेसॉल्टमध्ये आहे, त्याच जातीचा हा खडक. टेकडीचा खालचा भाग सुमारे ५० मीटर उंचीपर्यंत तासून सरळ उभा केला आहे आणि त्याच्या पायथ्याशी खडकातच खोल खंदक खोदला आहे. तो ओलांडायला एकच अरुंद वाट. पुढे अंधारी, म्हणजे खडकातून वर चढत जाणारा वळणावळणाचा बोगदा. आत पायऱ्यांची उंची सारखी नाही, वटवाघळांचा उग्र वास येतो आणि दहा पावलांत दिशेचे भान हरपते. बॅटरी क्षणभर विझवली की शत्रूची इथे काय गत होत असेल ते मुलांना सांगावे लागत नाही. बॅटरी शिक्षकाच्या हाती असावी, रांग एकेरी असावी. ज्यांना अंधाराची भीती वाटते त्यांना बाहेरच्या पायऱ्यांनी न्यावे.

इतक्या दुर्गम गडाचा पाडाव कसा झाला, हा प्रश्न कोणीतरी विचारतोच. १२९६ मध्ये अलाउद्दीन खलजी चालून आला, तेव्हा युवराज शंकरदेव मुख्य सैन्य घेऊन दूर गेला होता. राजा रामचंद्रदेव गडावर अडकला. घाईने वर नेलेल्या गोण्यांत धान्याऐवजी मीठ निघाले, अशी हकीकत सांगितली जाते. ती खरी असो वा नसो, वेढ्यात गड कड्यावर नव्हे तर कोठारावर टिकतो, हे त्यातून नेमके कळते. शेतकऱ्यांच्या मुलांना ते चटकन उमगते.

१३२७ मध्ये मुहम्मद तुघलकाने दिल्लीची राजधानी इथे हलवली आणि दौलताबाद हे नाव दिले. पुढे बहमनी आले. चाँदमिनार त्यांच्या काळातला. मग निजामशाही, आणि १६३३ पासून मुघल. चिनी महालात औरंगजेबाने गोवळकोंड्याचा शेवटचा सुलतान अबुल हसन तानाशाह याला कैदेत ठेवले होते. एवढी नावे एका दमात पाठ करून घेण्यापेक्षा प्रत्येक वास्तूपाशी एकच गोष्ट सांगावी. मेंढ्याच्या तोंडाची तोफ मुलांना सर्वांत जास्त आवडते. तिच्यापाशी वेळ द्यावा. टेकडीवर जनार्दनस्वामींचे स्थान आहे. ते इथले किल्लेदार आणि संत एकनाथांचे गुरू. नाथांचे शिष्यपण याच गडावर घडले.

माथ्यापर्यंत जाऊन उतरायला तीन तास तरी हवेत. म्हणून एकाच दिवसात वेरूळ, बीबी का मकबरा आणि देवगिरी उरकण्याचा बेत करू नये. त्यात मुले फक्त गाडीत चढतात आणि उतरतात. पंधरा वर्षांखालील मुलांना प्रवेश विनामूल्य असला तरी वयाच्या नोंदीसाठी शाळेची शिक्क्याची यादी जवळ ठेवावी. पाणी भरपूर घ्यावे. शिदोरी चढण्याआधी खावी, कारण माकडे पिशव्या ओढतात. मुक्काम करणे शक्य असेल तर वेरूळ दुसऱ्या दिवशी घ्यावे, मात्र मंगळवारी तिथली लेणी बंद असतात.