न खाजणारा चट्टा

आमच्या घरात डॉक्टरकडे कोणी कधी जायचे याची एक न लिहिलेली यादी आहे. ताप तिसऱ्या दिवशी उतरला नाही तर जायचे. लहान मुलाला जुलाब लागले तर त्याच दिवशी. अब्बांच्या छातीत जरा दुखले तर रात्री बारा वाजताही. या यादीत कातडीचे नाव कुठेच नाही. खाज, पुरळ, भेगा, डाग हे सगळे घरातच निपटायचे. खोबरेल तेल, हळद, कडुलिंबाचा पाला, आणि तेवढ्याने भागले नाही तर मेडिकलमधली ट्यूब. "इत्ते से वास्ते डाक्टर?" हे वाक्य आमच्याकडे दादीमांपासून चालत आले आहे आणि आता माझी दहा वर्षांची मुलगीही ते म्हणते.

मी या वाक्याला हसत नाही. लोणंदहून आम्ही त्वचेच्या डॉक्टरकडे जातो म्हणजे फलटण नाहीतर सातारा गाठतो. एसटीचे भाडे, तपासणीची फी, औषधे, आणि सगळ्यात महाग म्हणजे बुडालेली मजुरी. कांद्याचा मोसम जोरात असतो तेव्हा मार्केट यार्डात हमालाला एक दिवस घरी बसणे परवडत नाही. वखारीत कांदा निवडणाऱ्या बायकांचेही तेच. कांद्याची सुकी पात, फोलपटे, गोणपाटाचे तूस आणि वरून ऊन, अशा कामात अंग खाजणारच. प्रत्येक खाजेला डॉक्टर गाठला तर घर कसे चालायचे?

आणि खरेच, बऱ्याच गोष्टींना डॉक्टर लागतही नाही. घामोळ्यांना थंड पाणी आणि सैल सुती कपडा पुरतो. मोहल्ल्यात दावत असली की आदल्या रात्री बायका पाटीभर लसूण सोलायला बसतात. नंतर आठ दिवस डाव्या हाताचा अंगठा आणि शेजारची दोन बोटे सोलवटलेली. डाव्याच हाताची का, तर पाकळी त्या हातात धरतात आणि सुरी उजव्या हातात. लसणाचा रस कातडीला झोंबतो, एवढेच. काही दिवस लसूण दुसरीला द्यावा, व्हॅसलिन लावावे. लहान मुलांच्या गालावर फिकट, कोरडे डाग दिसले की आमच्याकडे लगेच निदान होते, "जंत झालेत." जंतांचा त्या डागांशी काही संबंध नाही. ती कोरडी कातडी असते, उन्हात बाकीचा चेहरा सावळा झाला की जास्त उठून दिसते आणि तेल किंवा मलई लावत राहिले की काही महिन्यांत आपोआप भरून येते. काळ्या मेंदीचे मात्र वेगळे. लवकर रंगावी म्हणून तिच्यात केसांच्या डायमधले पीपीडी नावाचे रसायन घालतात. हातावर मेंदीच्या नक्षीप्रमाणे फोड उठले, तर ते घरी निपटण्यातले नाही. शिवाय ज्याला एकदा ती सोसली नाही, त्याला पुढे केसांचा डायही सोसत नाही. ईदच्या आदल्या रात्री कोन विकत घेताना एवढे ध्यानात ठेवलेले बरे.

पण मला सांगायचे आहे ते गजकर्णाबद्दल, आणि त्यानंतर आमच्या घरात झालेल्या एका भांडणाबद्दल.

माझे धाकटे दीर यार्डात हमाली करतात. तीन उन्हाळ्यांपूर्वी त्यांच्या कमरेला, पायजम्याचा नाडा बसतो तिथे, एक गोल चट्टा आला. कडा लाल, मध्ये साफ, आणि घाम आला की जीव नकोसा करणारी खाज. त्यांनी दुकानातून एक ट्यूब आणली. तिसऱ्या दिवशी खाज गेली, लाली गेली. सगळ्या घराने त्या ट्यूबची तारीफ केली. ट्यूब बंद केली की आठवड्यात चट्टा परत यायचा आणि प्रत्येक वेळी आधीपेक्षा पसरलेला. दोन महिन्यांत तो मांड्यांपर्यंत गेला. मग धाकट्या जावेच्या पोटावर आला, मग त्यांच्या सहा वर्षांच्या मुलाच्या पाठीवर.

फलटणच्या डॉक्टरांनी ती ट्यूब हातात घेऊन वाचून दाखवली तेव्हा कोडे उलगडले. तिच्यात बुरशीचे औषध होते, जंतूंचे होते आणि तिसरे क्लोबेटासोल, म्हणजे फार कडक स्टेरॉइड. लाली आणि खाज ही बुरशीशी अंगाने चालवलेली लढाई असते. स्टेरॉइड ती लढाईच थांबवते. माणसाला वाटते आराम पडला, आणि बुरशी मात्र आत निवांत पसरत राहते. गोल कडाही पुसली जाते, मग डॉक्टरलासुद्धा पटकन ओळखू येत नाही की हे गजकर्ण आहे. जास्त दिवस लावले तर कातडी पातळ होते आणि जांघेत पट्टे उमटतात, ते जन्मभर जात नाहीत.

2018 मध्ये केंद्र सरकारने अशी चौदा स्टेरॉइडची मलमे शेड्यूल एचमध्ये टाकली, म्हणजे ती डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत. त्वचारोगतज्ज्ञांच्या देशव्यापी संघटनेने त्यासाठी बरेच झगडून पाहिले होते. कायदा झाला, पण काउंटरवर "खाजेची ट्यूब द्या" म्हटले तर चिठ्ठी किती जण मागतात ते तुम्हालाही माहीत आहे. हीच स्टेरॉइडची मलमे गोरे होण्यासाठी चेहऱ्याला लावणाऱ्या मुली मी आमच्या मोहल्ल्यात पाहिल्या आहेत. रिश्त्याची बोलणी सुरू झाली की ट्यूब येते. पहिला महिनाभर चेहरा उजळतो, मग तो उन्हात लाल होऊ लागतो, पुटकुळ्या आणि लव येते, आणि मलम सोडले की आग होते म्हणून ते सोडवत नाही.

आपल्याकडच्या या गजकर्णाची बुरशी आता जगभर प्रसिद्ध झाली आहे. 2020 मध्ये जपानी संशोधकांनी नेपाळ आणि भारतातल्या रुग्णांमध्ये सापडलेल्या या बुरशीला वेगळे नाव दिले, ट्रायकोफायटन इंडोटिनिए. नावातच हिंदुस्थान आला. गजकर्णावर वर्षानुवर्षे चालणारी टर्बिनाफिनची गोळी तिच्यावर बऱ्याचदा चालत नाही. 2023 मध्ये न्यूयॉर्क शहरात दोन बायकांना ती आढळल्याची नोंद झाली, आणि त्यातली एक तर परदेशात कुठे गेलेलीही नव्हती. नाड्याखालची खाज कुठवर पोहोचली पाहा!

आमच्या घराला त्यातून सुटायला चार महिने लागले. तिघांचा इलाज एकाच वेळी, कारण एकाचे बरे करून दुसऱ्याचे ठेवले तर ते परत फिरून येते. गोळ्या डॉक्टर सांगतील तितके आठवडे, चट्टा दिसेनासा झाल्यावरसुद्धा. प्रत्येकाचा टॉवेल वेगळा. आतले कपडे गरम पाण्यात धुऊन, उलटे करून उन्हात वाळवायचे. आणि एक गोष्ट डॉक्टरांनी नाही, मी माझ्या अकलेने घरात सुरू केली. वजू करताना आपण पायाच्या बोटांत खिलाल करतो, पण नंतर त्या फटी कोरड्या कोण करतो? दिवसातून पाच वेळा ओल्या राहणाऱ्या फटी म्हणजे बुरशीचे घरच. आता दारामागे प्रत्येकाच्या नावाचा एक-एक छोटा फडका टांगलेला असतो. पुरुषमंडळींनी सुरुवातीला नाके मुरडली.

या प्रकरणानंतर घरात निदान एक सुधारणा झाली. खाज सुटली की लोक बोलू लागले. पण जे खाजत नाही त्याचे काय?

गेल्या वर्षी कुष्ठरोग शोधमोहिमेत आशाताई दारात आल्या. त्यांनी वहीत नावे लिहिली आणि विचारले, "घरात कुणाच्या अंगावर फिकट चट्टा, बधिरपणा?" माझ्या मोठ्या भाभी पुढे होत्या. त्या म्हणाल्या, "नाही बाई, अल्लाहची मेहेरबानी आहे." आशाताईंनी दारावर खडूने खूण केली आणि त्या पुढच्या घरी गेल्या.

त्याच रात्री भाभींची मुलगी माझ्याजवळ भाकरी थापायला बसली होती. तिच्या डाव्या हाताला, कोपराच्या खाली बाहेरच्या बाजूला, रुपयाएवढा फिकट तांबूस डाग होता आणि त्याच्यावर तव्याने भाजल्याचा टपोरा फोड. मी विचारले, कधी भाजले गं? ती म्हणाली, "काय माहीत चाची, कळलंच नाही."

भाजलेले कळले नाही, या शब्दांनी माझ्या पोटात गोळा आला. डाग वर्षभरापासून होता. खाजत नव्हता, दुखत नव्हता, म्हणून कुणी त्याला डागही म्हणत नव्हते. मी भाभींना बाजूला घेऊन सांगितले की उद्या हिला दाखवू या. मुलीची मंगनी तीन महिन्यांवर आली होती. भाभी आधी रडल्या आणि मग चिडल्या. "कोड निघालं तर? आणि ते दुसरं निघालं तर?" त्या रोगाचे नाव त्यांनी घेतलेच नाही. मंगनी होऊ दे, निकाह होऊ दे, मग काय दाखवायचे ते दाखवू, असे त्यांचे म्हणणे. पोरीचे कुठे काही दुखते आहे?

त्यांच्या भीतीला मी खोटी म्हणणार नाही. आपल्या समाजात एका डागाने रिश्ते मोडलेले मीही पाहिले आहेत. कोड तर मुळीच संसर्गजन्य नाही, शिवल्याने, जेवल्याने, लग्नाने लागत नाही, तरी मोडतात. पण न दुखणे हीच इथे वाईट खूण होती. कोडाच्या पांढऱ्या डागाला टाचणी टोचली तर टोचते. मुलांच्या गालावरचा फिकट डागही स्पर्श ओळखतो. कुष्ठरोगाचा जंतू मात्र नसांत घर करतो, म्हणून चट्टा बधिर होतो. तो जंतू नॉर्वेच्या हॅन्सन नावाच्या डॉक्टरांनी 1873 मध्येच शोधून काढला, आणि त्यावर एकत्रित औषधे देण्याचा इलाज 1980 च्या दशकापासून चालू आहे. थांबले तर नस कायमची जाते, बोटे वाकडी होतात. मी भाभींना एवढेच म्हटले की डाग बाहीखाली झाकता येईल, वाकडे बोट कशाखाली झाकाल?

दोन दिवस आमच्या घरात कुणी कुणाशी नीट बोलले नाही. तिसऱ्या दिवशी मुलगी स्वतःच बुरखा घालून दारात उभी राहिली.

तपासणीला दहा मिनिटेही लागली नाहीत. सरकारी डॉक्टरांनी तिला डोळे मिटायला सांगितले आणि कापसाच्या टोकाने हाताला ठिकठिकाणी स्पर्श केला. जिथे स्पर्श कळेल तिथे तिने बोट ठेवायचे. सगळीकडे तिने बरोबर बोट ठेवले, फक्त डागावर नाही. मग त्यांनी कोपराजवळची नस चाचपली, ती जाड झाली नव्हती. हाताची ताकद पाहिली, ती शाबूत होती. चट्टा एकच होता. सहा महिन्यांची औषधे, महिन्याला एक पाकीट, एक पैसाही न घेता. त्यांनी सांगितले की औषध सुरू झाले की थोड्याच दिवसांत दुसऱ्याला लागण होण्याचा धोका राहत नाही, ताट-वाटी वेगळी करायची नाही, आणि तसेही बहुतेक माणसांच्या अंगात या जंतूला तोंड देण्याची ताकद असतेच. पहिल्या दिवशी लघवी लालसर होईल, घाबरू नका, असेही त्यांनी सांगितले. बरे झाले सांगितले. नाहीतर त्या रात्री भाभींचा जीवच गेला असता.

मग घरातल्या सगळ्यांची तपासणी. बरोबर राहणाऱ्यांना बघून, विचारून, रिफाम्पिसिनचा एकच डोस देतात, रोग होऊ नये म्हणून. पुरुषांनी मुकाट्याने घेतला. दादीमा म्हणाल्या, "मेरे कू क्या हुआ?" आशाताई त्यांच्याजवळ खाटेवर अर्धा तास बसून राहिल्या, त्यांच्या हातचा चहा प्याल्या. चहा झाल्यावर दादीमांनी गोळी घेतली.

आपल्या देशाने 2005 च्या अखेरीस हा रोग दर दहा हजारांत एकाच्याही खाली आणला आणि निर्मूलन झाल्याचे जाहीर केले. त्या एका शब्दाने लोकांना वाटले की रोग संपला. अजूनही जगातल्या नव्या रुग्णांतले निम्म्याहून अधिक आपल्याच देशात सापडतात.

राहिला रिश्ता. भाभींना धसका होता की उद्या हेच कारण काढून संसार मोडतील. आमच्या भाच्याने, तो वकिली शिकतो, एक गोष्ट समजावून सांगितली. 1939 च्या मुस्लिम विवाह विच्छेद कायद्यात नवऱ्याला कुष्ठरोग असणे हे बायकोला फारकत मागण्याचे एक कारण होते. हिंदू विवाह कायद्यात, स्पेशल मॅरेज अॅक्टमध्येही तो रोग तसाच बसलेला होता. 2019 मध्ये संसदेने या सगळ्या कायद्यांतून तो काढून टाकला, कारण आता तो बरा होतो. भाभींनी ऐकून घेतले आणि विचारले, "कायद्यातून गेला, पण लोकांच्या तोंडातून?" भाच्याकडे याचे उत्तर नव्हते.

सांगायचे की लपवायचे, यावर घरात दोन तट पडले. मी सांगण्याच्या बाजूची होते, कारण निकाहनंतर महिन्याचे पाकीट उशीखाली ठेवून खाणारी नवी नवरी मला डोळ्यांपुढे आणवत नव्हती. शेवटी मुलीचे मामू जाऊन मुलाच्या वडिलांना सरळ सांगून आले. त्यांनी आठ दिवस मागितले. त्या आठ दिवसांत ते त्यांच्या तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात जाऊन स्वतः रोगाची माहिती घेऊन आले, हे आम्हाला नंतर कळले. मंगनी ठरलेल्या तारखेला झाली, निकाह औषधे संपल्यावर. मुलाच्या आजी मात्र आलेल्या नव्हत्या. त्या अजून फोनवर विचारतात, डाग गेला का?

डाग पुरता गेलेला नाही. औषधांनी जंतू मरतो, रंग आणि स्पर्श परत येतीलच असे नाही, हे डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी बजावले होते. पाचवे पाकीट चालू आहे. भाभींनी तिच्यासाठी पूर्ण बाह्यांचे चार कुर्ते शिवून घेतलेत. ती घरात अर्ध्या बाह्यांनीच वावरते, आणि तव्याजवळ बसताना कोपरापासून मनगटापर्यंत जाड फडके गुंडाळून घेते, कारण त्या जागेला भाजलेले अजून कळत नाही.