दमून बसलेला नृसिंह

त्रिपुरी पौर्णिमेला रामटेकला जायचे, हा आमच्या घरचा नेम. 1978 साली वडील गेले, तरी आईने तो मोडला नाही. गडावर दर्शन घेतले आणि गर्दी चुकवून आम्ही केवल नृसिंहाच्या देवळात येऊन टेकलो.

नृसिंह म्हटला की माझ्या डोळ्यांपुढे फुटलेला खांब आणि मांडीवरचा हिरण्यकशिपू! येथे त्यातले काहीच नाही. म्हणून तर तो 'केवल'. तांबड्या दगडातला हा धिप्पाड देव एक गुडघा उभा करून निवांत बसला आहे. चक्र धरलेला हात त्याच गुडघ्यावर टेकलेला. मी हिरमुसलो. आई मात्र बघतच राहिली. म्हणाली, "रागावलेला नाही रे हा. दमून बसलाय."

पाचव्या शतकातल्या वाकाटकांची ही शिल्पशैली मी पुढे कितीतरी पुस्तकांतून वाचली. पण आईच्या त्या वाक्याच्या पुढे फारसा गेलो नाही. या शिल्पींना दागिन्यांची हौस बेताचीच. भर सारा देहाच्या भरीवपणावर, त्याच्या वजनावर. जवळच्याच मनसरला 1972 साली सापडलेला शिव आता दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. गुबगुबीत पोट, भरघोस जटा आणि ओठांवर असे मंद हसू, की पाहणाऱ्याने बूड टेकावे!

या घराण्याची सून प्रभावतीगुप्ता ही दुसऱ्या चंद्रगुप्ताची लेक. बापाच्या काळचा उदयगिरीचा वराह पृथ्वी उचलून ताठ उभा आहे. लेकीच्या मुलखातला नृसिंह काम उरकून बसला आहे. नवरा दुसरा रुद्रसेन अकाली गेला, मुले लहान. राज्य तिनेच चालवले. रामगिरीच्या स्वामींच्या पायांशी बसून दिलेला तिचा ताम्रपट रिद्धपूरला मिळाला. रामगिरी म्हणजे हेच रामटेक. नृसिंहाच्या देवळातल्या भिंतीवरचा झिजका शिलालेख उजेडात आला तो 1980 नंतर. त्यातही प्रभावतीचे नाव आहे.

आम्ही गेलो तेव्हा यातले आम्हां दोघांनाही काही ठाऊक नव्हते. सोमवारपासून आई एका शाळेत नोकरीला लागणार होती. उतरताना ती मध्येच पायरीवर बसली. "चल ना गं," मी हात ओढला.

"बस जरा," ती म्हणाली. "गाडीला अवकाश आहे."

खाली अंबाळ्याच्या काठी दिवे लागत होते.