केशवसुतांची टाचणी

सध्या आमच्या घरी एक नवा उद्योग चालू आहे. नातू कॉम्प्युटरवर मराठी साहित्यिकांच्या गावांचा नकाशा करतोय आणि माहिती पुरवायचं काम आजीकडे. पस्तीस वर्षं मराठी शिकवलेल्या बाईला आणखी काय हवं!

पहिलं नाव अर्थातच केशवसुतांचं. त्याने मालगुंडवर लाल टाचणी लावली आणि म्हणाला, "झालं. पुढचं नाव?"

झालं कसं? १८६६ साली जन्म मालगुंडला, हे खरंच. तिथे स्मारक उभं राहिलं, १९९४ साली कुसुमाग्रजांच्या हस्ते उद्घाटन झालं. गणपतीपुळ्याला जाणाऱ्यांनी मुद्दाम वाट वाकडी करून बघावं असं आहे. पण हा माणूस जगला दुसरीकडेच. तुटपुंज्या पगारावर मास्तरकी करत मुंबई, मग खानदेशात फैजपूर, मग धारवाड... आणि १९०५ साली हुबळीला प्लेगने गेला. चाळिशीसुद्धा गाठली नाही. कवितांचं पुस्तक निघालं तेही मागाहून, हरिभाऊ आपट्यांमुळे.

मी कपाटातून जुना संग्रह काढला. त्यात कवितेखाली गाव आणि तारीख दिलेली असते. परीक्षेत त्यावर प्रश्न येत नाही, म्हणून त्या ओळीकडे कोणी बघत नाही. 'तुतारी' आणि 'झपूर्झा', दोन्ही १८९३ च्या, दोन्ही मुंबईच्या. म्हणजे कवीने आपला नकाशा स्वतःच करून ठेवलाय की!

"मुंबईत कुठे पण? अक्षांश-रेखांश लागतात," नातू म्हणाला.

कवितेखाली नुसतं 'मुंबई' आहे. चाळ नाही, गल्ली नाही. आणि कॉम्प्युटरला नुसतं शहराचं नाव दिलं की तो आपल्या मनाने शहराच्या मध्यावर कुठेतरी टाचणी लावून मोकळा होतो. बघणाऱ्याला वाटणार, कवी इथेच राहत होता! उद्या तिथे कुणी पाटीही लावेल. हे मला मुळीच पसंत नाही. शेवटी टाचणी काढून अख्ख्या मुंबईभोवती फिकट वर्तुळ काढायला लावलं, आत कवितेचं नाव आणि तारीख. फैजपूरलाही तसंच. नकाशा गिचमिड दिसतो अशी त्याची कुरकुर चालू आहे, चालू दे.

पुढचं नाव बालकवींचं. जन्म धरणगावचा. १९१८ साली, ऐन अठ्ठाविशीच्या आत, भादली स्टेशनजवळ रेल्वेखाली गेले. नातू खूश, कारण इथे जागा बरीचशी नेमकी आहे. पण ज्या कवीने आनंद गायला त्याची टाचणी रुळांवर लावायची? आमचं दोघांचं अजून एकमत झालेलं नाही.