सोन्याचे कूळ

शब्दांची कुळे शोधण्याचा आम्हांस जुना नाद आहे. मराठी माणूस ज्यास सोने म्हणतो, त्यास शेजारचा कोंकणी माणूस भांगार म्हणतो. एका अंगणात नांदणाऱ्या या दोन भगिनींची सोन्याची नावे निराळी. आणि हजारो कोसांवरील स्लाव्ह लोकांचे नाव मात्र आपल्या वेदांतील ‘हिरण्य’ शब्दाच्या गोत्राचे निघावे, याचे आम्हांस राहून राहून नवल वाटते.

चेक, सर्बियन व बल्गेरियन भाषांत सोन्यास ‘झ्लातो’ म्हणतात, रशियन भाषेत ‘झोलोतो’. ‘हिरण्य’ आणि ‘झ्लातो’ हे दोन्ही एकाच प्राचीन धातूपासून निघाले. त्या धातूत पिवळ्या व हिरवट पिवळ्या रंगाचा अर्थ होता. म्हणूनच आपले ‘हरित’ आणि रशियनांचे ‘झेलोनी’ म्हणजे हिरवे, हीही त्याच घरची मंडळी. संस्कृतात जेथे ‘ह’ येतो, तेथे स्लाव्ह भाषांत पुष्कळदा ‘झ’ येतो. आपले ‘हिम’, तर रशियनांचा हिवाळा ‘झिमा’. इराणी शाखेतही तोच प्रकार. फारसीत सोने म्हणजे ‘जर’, आणि तो शब्द आपल्या भरजरी पैठणीत येऊन बसला आहे.

स्लाव्ह लोकांनी हा शब्द दागिन्यांपुरता ठेवला नाही. पोलंडचे चलन ‘झ्वोती’, म्हणजे सोनेरी. चौथ्या शतकातील ग्रीक धर्मोपदेशक संत जॉन यांस त्यांच्या वाणीमुळे ‘सुवर्णमुख’ हे नाव मिळाले; स्लाव्हांनी त्याचे ‘झ्लातोउस्त’ केले, आणि उरल पर्वतातील एक शहर आज तेच नाव धारण करते. रशियन माता लेकरास लाडाने ‘झोलोत्को’ म्हणते. आपली आई ‘सोन्या’ म्हणते.

कोणी अभिमानाने म्हणेल, हे सारे संस्कृतातूनच तिकडे गेले. आम्हांस ते पटत नाही. संस्कृत ‘ह’पासून स्लाव्ह ‘झ’ किंवा इंग्रजी ‘गोल्ड’मधील ‘ग’ निपजत नाही. तिन्ही एका लुप्त मातेची लेकरे होत. वडीलकीचा खोटा दावा करण्यापेक्षा भावंडांचे खरे नाते सांगण्यातच आपल्या वेदवाणीचा मान अधिक राहतो.

श्रीसूक्तात लक्ष्मीस ‘हिरण्यवर्णा’ म्हटले आहे. आपली हळद, म्हणजे ‘हरिद्रा’, हीही याच कुळातील. देवीच्या चरणी चिमूटभर हळद वाहणारी गरीब सुवासिनी शब्दार्थाने सोन्याचे भावंडच वाहत असते.