आर्मीवाल्या पट्ट्यास, अनसिंगहून

मोतीच्या गळ्यातील आर्मीवाल्या पट्ट्यास,


सोयाबीन निघालं, तूर फुलावर आली, आणि रोही-रानडुकरांनी रात्रीची हजेरी सुरू केली. म्हणजे बाबांची जागल आली, आणि त्यांच्यामागे आमच्या कुत्र्याची, मोतीचीही. अंधार पडला की दोघं शेताकडे निघतात. त्या वेळी मोतीच्या सगळ्यात जवळ तुम्हीच असता, म्हणून हे पत्र तुम्हाला.

आधी आभार मानते. मोतीच्या मातकट अंगावर तुमची हिरवी-तपकिरी नक्षी खरंच शोभते. आमच्या गावात तुमची एवढी हौस का, तेही सांगते. पहाटे वाशिम-पुसद रस्त्यावर भरतीची तयारी करणारी पोरं धावतात. त्यांच्या पँटवर तुमचीच नक्षी असते. १५ जानेवारी २०२२ च्या सेनादिनी लष्कराचा बारीक चौकटींच्या नक्षीचा नवा गणवेश पहिल्यांदा लोकांसमोर आला, तोही या पोरांना लगेच ओळखता येतो. लष्करातले कुत्रेही आम्हाला ठाऊक आहेत. ऑक्टोबर २०२२ मध्ये काश्मीरला गोळ्या लागूनही झूम अतिरेक्यांशी झुंजत राहिला आणि पुढे दवाखान्यात मरण पावला. सप्टेंबर २०२३ मध्ये राजौरीत केंट नावाची लॅब्रॅडॉर आपल्या जवानाला वाचवताना गेली. तुम्हाला मोतीच्या गळ्यात बांधताना आमच्या मनात हा मान असतो.

मोतीला मात्र तुमचे हे रंग आपल्यासारखे दिसत नाहीत. कुत्र्याला निळा आणि पिवळा कळतो, हिरव्या-तांबड्यातला फरक कळत नाही. १९८९ मध्ये कॅलिफोर्नियातल्या संशोधकांनी हे तपासून दाखवलं आहे. तेव्हा तुमची नक्षी आमच्यासाठी. त्याच्यासाठी तुम्ही म्हणजे फक्त मानेला होणारा स्पर्श. म्हणून तो स्पर्श नीट असावा, हा माझा पहिला हट्ट.

तुमचे वाडवडील मला आठवतात. आमच्या आधीच्या कुत्र्याला, वाघ्याला, जाड चामड्याचा पट्टा होता. चपला शिवणाऱ्या काकांनी तो वाघ्याला समोर बसवून, मानेला सुतळी गुंडाळून बेतला होता. वर दोन भोकं जास्तीची पाडली, आणि पट्टा चढवल्यावर आपली दोन बोटं आत सरकवून पाहिली. बोटं सहज गेली, पण पट्टा कानांवरून निघाला नाही, तेव्हाच ते उठले. तुम्ही प्लॅस्टिकच्या पिशवीतून येता, अंगावर 'मीडियम' लिहिलेलं असतं. एकाचं मीडियम दुसऱ्याचं लार्ज निघतं, हे बाजारात रोज दिसतं. मोतीसारख्या गावठी कुत्र्याची मान आखूड आणि भरलेली. कारवानी कुत्र्याची लांब, आणि डोकं इतकं निमुळतं की साधा पट्टा मागे ओढला की सुटून जातो. दोघांना एकच माप कसं चालेल?

आणि पिल्लांचं काय सांगू! गावात एका पिल्लाला हौसेने तुमच्यासारखाच पट्टा बांधला. पिल्लू वाढलं, पट्टा वाढला नाही. पावसाळ्यात नायलॉन ओलं राहिलं, खाली केस गेले, गोचीड बसले, आणि शेवटी कातडीत रुतलेला पट्टा कात्रीने कापावा लागला. ते पिल्लू हाताला चावत नव्हतं, नुसतं थरथरत होतं. तुम्ही दिसायला चांगले होतात म्हणून कोणी खाली पाहिलंच नाही, याचा मला फार राग आहे.

आता मुख्य गाऱ्हाणं. मोतीला तुम्ही लपवता असं मी म्हणत नाही. तो जन्मापासून मातीच्याच रंगाचा. पण त्याच्या अंगावर माणसाने घातलेली वस्तू म्हणजे एकटे तुम्हीच, आणि रात्री रस्ता ओलांडताना नेमके तुम्हीच दिसत नाही. जवानाने दिसू नये म्हणून ती नक्षी आहे. मोतीला कोणापासून लपायचं आहे? त्याला पुसदकडून येणाऱ्या ट्रकला दिसायचं आहे. कापसाच्या ट्रॉलीला आपण मागून रेडियम लावतो ते उगाच नाही; ती पट्टी गाडीचा उजेड गाडीकडेच परत फेकते, म्हणून ड्रायव्हरला लांबून कळतं. पुण्यात शंतनू नायडू या तरुण इंजिनिअरने रस्त्यावर चिरडलेली कुत्री पाहिली आणि असेच चमकणारे पट्टे करायला घेतले. पैसे नव्हते, तर मित्रांसोबत घरोघरून जुन्या जीन्स मागून आणल्या. पुढे रतन टाटांनी त्या कामाला हात दिला. जुन्या जीन्सला जे जमलं, ते तुम्हाला का जमू नये?

म्हणून विनंती. नक्षी ठेवा, हौस आम्हालाही आहे. पण दोन्ही कडांना रेडियमची पट्टी शिवून या. बक्कल न गंजणारं असू द्या, भोकं पुरेशी असू द्या, आतली बाजू मऊ असू द्या. पाकिटावर 'मीडियम'ऐवजी मान किती इंच ते लिहा. घरी आल्यावर मोतीच्या गळ्यातून तुम्हाला काढून वाळत घालायचं आणि मान चाचपायची, ते काम माझं. रेडियम शिवलेलं तुमचं भावंड वाशिमच्या दुकानात आलं की कळवा. जागल संपायच्या आत आलं तर बरं.

आपली,
मोतीच्या घरची,
मु. पो. अनसिंग, ता. जि. वाशिम