केजची वाट

बीडहून अंबाजोगाईस जाणाऱ्या रस्त्यावर, बालाघाटाच्या पठारावर केज हें तालुक्याचें गांव आहे. मांजरा नदी याच तालुक्यांतून वाहते. धनेगांवच्या धरणांत अडविलेलें तिचें पाणी लातूरकर पितात. मुलूख ऊस तोडावयास दूरदेशीं जाणाऱ्या कष्टाळू माणसांचा.

तेथील एक गृहस्थ आमचे पत्रस्नेही. प्रत्यक्ष भेट कधीं झाली नव्हती. परंतु भ्रमणध्वनीवरून रोज प्रातःकाळीं एक सुभाषित पाठविण्याचा त्यांचा नेम असे. गतवर्षीं भाद्रपदांत हा नेम अकस्मात् तुटला. सहाव्या दिवशीं आम्हीं लिहिलें, "काय हो शास्त्रीबुवा, बिबट्यानें आपणांस फराळास बोलाविलें, कीं लवूळच्या माकडांनीं उचलून नेलें?"

बीड जिल्ह्याची ही ख्याति सर्वश्रुतच आहे. नोव्हेंबर २०२० मध्यें आष्टी तालुक्यांत बिबट्यानें तीन माणसें मारलीं. पुढच्याच महिन्यांत करमाळा तालुक्यांत एक बिबट्या नरभक्षक म्हणून गोळी घालून मारण्यांत आला. डिसेंबर २०२१ मध्यें माजलगांव तालुक्यांतील लवूळ येथें कुत्र्यांचीं पिल्लें पळविणारीं दोन माकडें वनखात्यानें पकडलीं. स्नेह्याविषयीं मनांत भलतेंसलतें येऊं लागलें, म्हणजे तें उघड विचारण्याचा धीर होत नाहीं; मग माणूस थट्टेचा आश्रय करितो.

दुसऱ्या दिवशीं उत्तर आलें, "बिबट्या नव्हे, मण्यार." त्यांच्या गड्याचा मुलगा जमिनीवर निजला असतां त्यास दंश झाला होता. मण्यारीचा दंश फारसा दुखत नाहीं, सूजही बहुधा येत नाहीं. पहांटे पापण्या मिटूं लागल्या, तेव्हां त्यास अंबाजोगाईच्या सरकारी रुग्णालयांत नेलें. प्रतिविष दिलें, तीन दिवस यंत्रानें श्वास चालविला, आणि मुलगा वांचला. "आपला मजकूर त्यास वाचून दाखविला. इतक्या दिवसांत आजच हंसला," असेंही शास्त्रीबुवांनीं लिहिलें होतें.

मग आम्हीं केजची वाट धरली. शास्त्रीबुवांनीं गांव दाखविला तो देवळांपासून नव्हे, तर गड्याच्या खोपटापासून. भिंतीलगतचा सरपणाचा ढीग दूर हलविला होता, नवी खाट आली होती, आणि तिच्यावर चारी बाजूंनीं खोंचलेली मच्छरदाणी होती. बिबट्याची वार्ता देशभर जाते. मण्यारीची आळीबाहेरही जात नाहीं. तथापि पावसाळ्यांत शेतकऱ्याच्या घरीं बिबट्यापेक्षां तीच अधिक वेळां येते.

खेड्यांत ज्यांचें घर आहे, त्यांनीं गडीमाणसांसही खाट व मच्छरदाणी द्यावी. दंश झाल्यास मंत्रतंत्रांत घटकाही न दवडतां रुग्णालय गांठावें. आणि दूरचा स्नेही अबोल झाला, तर थट्टेनें कां होईना, त्याची विचारपूस अवश्य करावी.