गुरगुर

२०१९च्या ऑगस्टमध्ये कृष्णा सांगलीत शिरली. आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी ४५ फूट. पाणी ५७ फुटांपलीकडे गेलं. माणसं हाताला लागेल ते घेऊन बाहेर पडली आणि हळदीच्या एका वखारीत एक कुत्रा बांधलेलाच राहिला. साखळी पोत्यांच्या थप्पीवर चढण्याइतकी लांब होती, म्हणून तो वाचला. तिसऱ्या दिवशी बोटीवरच्या पोरांनी त्याला काढलं आणि संध्याकाळी आमच्या दारात आणलं. आमचं घर उंचावर, तिथवर पाणी आलं नव्हतं. मारलेली, टाकलेली कुत्री मी घरी ठेवते, हे त्या पोरांना माहीत होतं.

"काकू, लई गरीब आहे," त्यातला एकजण म्हणाला. "उचललं तरी हूं की चूं नाही."

तेव्हा मला या कामात ११ वर्षं झाली होती. ते वाक्य ऐकून माझ्या पोटात गोळाच आला.

शांत जनावराला आपण गरीब म्हणतो. गाय गरीब, बैल गरीब, अमक्याचा कुत्रा फार गरीब. पण तीन दिवसांचा उपाशी, भिजलेला, मानेला जखम असलेला कुत्रा अनोळखी माणसांनी उचलल्यावर अंग चोरत नाही, दात दाखवत नाही, मानसुद्धा फिरवत नाही, तेव्हा तो गरीब नसतो. आपण काही केल्याने काही बदलतं, यावरचा त्याचा विश्वास संपलेला असतो. चावऱ्या कुत्र्याला सावरणं मला सोपं वाटतं, कारण त्याचं अजून काहीतरी म्हणणं असतं.

पूर नंतरचा, साखळी आधीची. पिल्लू असताना घातलेला पट्टा वाढत्या मानेवर कुणी सैलच केला नव्हता आणि कातडी त्याच्यावरून वाढली होती. डॉक्टरांनी भूल देऊन तो कापून काढला. दातांवरून वय तीनच्या आसपास निघालं. पाठीवर आडवे पट्टे होते, तिथे केस यायचे बंद झालेले. वखारीशेजारच्या एका बाईंनी सांगितलं, भुंकला की काठी बसायची, आणि नाही भुंकला तर राखण करत नाही म्हणून बसायची. मी तक्रार दिली. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्याविरुद्धचा कायदा १९६०चा आहे. त्याच्या ११व्या कलमात आखूड साखळीला जनावर तासन्‌तास जखडून ठेवणंसुद्धा येतं. पहिल्या गुन्ह्याला दंड १० ते ५० रुपये. तो आकडा ६० वर्षांत कुणी बदलला नाही, याचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

वखारीतलं त्याचं नाव टायगर होतं. ते उच्चारलं की तो जागच्या जागी मुतायचा. म्हणून ते नाव टाकलं. रंगावरून तांबू झाला, पण पहिले काही दिवस मी तेही नाव घेतलं नाही. नावामागून काय येतं, हे कुत्र्याच्या लक्षात राहतं. त्यामुळे नव्या नावामागून फक्त खाणं आणि मोकळीक येईल, एवढी खात्री झाल्यावरच ते उच्चारायचं.

सुरुवातीचं काम साधं आणि कंटाळवाणं असतं. उपाशी कुत्र्यापुढे भरलेलं ताट ठेवायचं नाही. बरेच दिवस रिकाम्या राहिलेल्या शरीराला एकदम आलेलं अन्न झेपत नाही, त्यात जीवसुद्धा जातो. मऊ भात, उकडलेलं अंडं, कोंबडीचं पाणी, तेही मीठ-कांद्याशिवाय, थोडं थोडं, दिवसातून पाच-सहा वेळा. गोचीडतापाची तपासणी. घरातल्या दुसऱ्या कुत्र्यांपासून वेगळी खोली. त्या खोलीत भिंतीला लावून एक टेबल आणि त्यावरून जमिनीपर्यंत सोडलेली चादर, म्हणजे पाठ राखली जाते आणि समोरचं दिसतं. स्टीलचं भांडं फरशीवर ठेवलं की तो थिजायचा. दोन दिवसांनी माझ्या लक्षात आलं, तो आवाज साखळीचा होता. मग पाण्याला मातीचं परळ आणलं.

आणि बसायचं. कुत्र्याकडे तोंड करून बसायचं नाही, कुशीला वळून बसायचं. डोळ्यांत बघायचं नाही. मी रोज तासभर मोठ्याने पेपर वाचायची. पूर ओसरल्यावरच्या त्या दिवसांत पेपरात चिखल, पंचनामे आणि मदतीच्या याद्याच होत्या. त्याला सगळं सारखंच.

भाकरी पळवणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावणारे नामदेव आपण लहानपणी ऐकलेले असतात. कुत्रं घरी आणणाऱ्या प्रत्येकाची माया तशीच धावते. मला मान्य आहे, त्या धावण्याशिवाय कुणी हे काम हाती घेणारच नाही. पण मारलेल्या कुत्र्याला मागून येणारी पावलं तेवढी ऐकू येतात, तूप दिसत नाही. वाटी खाली ठेवून दूर बसावं लागतं, आणि धावण्यापेक्षा हे अवघड आहे.

'हूं की चूं नाही' याचा अर्थ मला दोन संशोधकांमुळे कळला. त्यांच्याविषयी लिहिताना आजही माझा हात अडखळतो. १९६७ साली अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात मार्टिन सेलिगमन आणि स्टीव्हन मायर यांनी कुत्र्यांना विजेचे झटके दिले. काही कुत्र्यांना डोक्याने एक फळी दाबून झटका थांबवता यायचा, काहींना काहीही करून थांबवता यायचा नाही. पुढे दोघांना अशा खोक्यात ठेवलं, की मधला बुटका अडथळा ओलांडला की सुटका. पहिले उडी मारून गेले. दुसऱ्यांतले बरेचसे तिथेच पडून कण्हत राहिले. ही हतबलता शिकलेली आहे, असं त्यांनी तेव्हा म्हटलं. जवळपास ५० वर्षांनी, २०१६ मध्ये, त्याच दोघांनी लिहिलं की आपलं उलटं झालं होतं. सतत छळ झाला की पडून राहणं ही शरीराची मूळ प्रतिक्रियाच आहे, ती शिकावी लागत नाही. शिकावं लागतं ते हे, की माझ्या हातात काहीतरी आहे. त्या कुत्र्यांवर जे झालं ते व्हायला नको होतं असं मला वाटतं. तरीही त्यांच्या यातनांतून निघालेलं हे वाक्य न वापरणं म्हणजे त्या यातना फुकट घालवणं. म्हणून मी ते रोज वापरते.

वापरते म्हणजे विचारते. हात डोक्यावरून कधीच नाही, कारण मार वरून आलेला असतो. खालून, छातीशी, दोन बोटांनी तीन सेकंद खाजवायचं आणि हात काढून घ्यायचा. मग थांबायचं. त्याने छाती पुढे केली तर पुन्हा तीन सेकंद. मान वळवली, नाक चाटलं, जांभई दिली, डोळ्याचा पांढरा भाग दिसला, तर आजचं संपलं. नाक चाटणं आणि जांभई हे भुकेचं नि झोपेचं लक्षण समजून लोक हात चालूच ठेवतात. कुत्रं तेव्हा सभ्यपणे 'पुरे' म्हणत असतं. ते एकदा, दोनदा, दहादा ऐकलं गेलं, की त्याला कळायला लागतं, आपण म्हटल्यावर हा हात थांबतो.

२३व्या दिवशी मी परळ उचलायला वाकले आणि तांबू गुरगुरला. अगदी बारीक, घशातल्या घशात. मी परळ तिथेच सोडून दोन पावलं मागे झाले आणि बाहेर येऊन डॉक्टरांना फोन केला. त्यांनी विचारलं, "चावला का?" मी म्हटलं, "नाही, नको म्हणाला." माझ्या डोळ्यांत पाणी होतं.

गुरगुरल्याबद्दल कुत्र्याला दटावू नका, मारू तर नकाच. गुरगुर बंद होते, भीती तशीच राहते, आणि मग कुत्रा न सांगता चावतो. लोक म्हणतात, "अचानक चावला." माझ्याकडे आलेल्या बहुतेक 'अचानक' कुत्र्यांची गुरगुर आधी कुणीतरी मारून बंद केलेली होती.

हे सगळं माहीत असूनही मी चुकले. दिवाळीच्या आधी घर आवरताना ते टेबल हलवायचं होतं. तांबू खाली होता. गुरगुरला. हातात झाडू, बाहेर पाहुणे यायची वेळ. मी त्याची मागची बाजू धरून त्याला ओढलं. मनगटाजवळ दोन दात खोल गेले. पंधरा मिनिटं साबण लावून वाहत्या पाण्याखाली हात धरला, दवाखान्यात जाऊन रेबीजच्या लशीचे डोस घेतले. जखम आठवड्यात भरली. तांबूची घडी बसायला मात्र दीड महिना गेला, कारण त्याने 'नको' म्हटलं होतं आणि मी थांबले नव्हते. तीन दिवस, तीन आठवडे, तीन महिने असा एक हिशोब कुत्रं घरी आणणाऱ्यांना सांगतात. साध्या कुत्र्याला तो लागू पडतो. मारलेल्या कुत्र्याच्या खोलीत कॅलेंडर लावू नये.

सगळ्यात जास्त वेळ काठीने घेतला. सासूबाई, म्हणजे आमच्या आई, तेव्हा ७८ वर्षांच्या; काठीशिवाय चालत नसत. पॅसेजमधून टकटक आली की तांबू भिंतीत शिरायला बघायचा. आई म्हणाल्या, "काठीला भितंय होय ते? मग मी भिंतीला धरून चालते." मी नाही म्हटलं. त्या पडल्या असत्या, आणि रस्त्यावर तर जन्मभर काठ्या दिसणारच होत्या.

आधी काठी खोलीच्या पार दुसऱ्या टोकाला, जमिनीवर आडवी. ती दिसली की लगेच त्याच्याकडे कलेजीचा तुकडा. काठी चादरीखाली झाकली की कलेजी बंद. हा क्रम उलटा होता कामा नये. आधी खाऊ आणि मग काठी असं झालं, तर खाऊच काठीची वर्दी होतो आणि कुत्रं खाऊलाही भिऊ लागतं. काठी दोन-चार दिवसांनी वीतभर जवळ. तो खायचा थांबला की आपण फार पुढे आलो असं समजून परत मागे. मग काठी उभी, पण हलत नाही. मग माझ्या हातात. मग दूरवर एकच टक. फेब्रुवारीच्या शेवटी आई काठी टेकत दारापर्यंत आल्या, तेव्हा तांबूने काठीकडे पाहिलं आणि मग माझ्या खिशाकडे.

खाऊ आणि खूण यांची ही सांगड रशियन शास्त्रज्ञ पावलोव्ह यांची. त्यांच्याच कुत्र्यांची एक गोष्ट मला पुराच्या शहरात राहून फार जवळची वाटते. १९२४च्या सप्टेंबरमध्ये लेनिनग्राडला पूर आला. प्रयोगशाळेतले कुत्रे पिंजऱ्यांत होते, पाणी चढत गेलं आणि शेवटच्या घटकेला त्यांना बाहेर काढलं. त्यानंतर काहींच्या शिकलेल्या खुणा पुसल्या गेल्या. एक कुत्रा पुन्हा शिकला, पण दाराखालून खोलीत थोडं पाणी सोडताच तो पुन्हा मोडला. तांबूचं तसंच होतं. पन्हाळीतून पाणी पडायला लागलं की तो उंच जागा शोधतो. मी त्याला जवळ बोलावत नाही, समजूत घालत नाही. पलंगावर गोधडी टाकून ठेवते आणि पलंगापाशी एक पाट. चढायचं की नाही, ते तो ठरवतो. २०२१च्या जुलैत पाणी पुन्हा धोक्याच्या पातळीवर गेलं, तेव्हा तो दोन दिवस त्या पलंगावर होता. दुसऱ्या दिवशी दुपारी तो कुशीवर, चारी पाय ताणून झोपला. भ्यालेला कुत्रा पायांचं मुटकुळं करून झोपतो, उठून पळता यावं म्हणून. आईंची काठी पलंगाला टेकलेली होती.

वारणा-कृष्णेच्या काठी राहणाऱ्यांना माझं एक मागणं आहे. पाणी चढतंय म्हणून घर, गोठा, वखार सोडाल, तेव्हा बांधलेल्या जनावराला बरोबर न्या. ते खरोखरच जमत नसेल, तर निदान साखळी सोडून जा. उंच जागा ते शोधेल.